फ्रेंच 'दव्वार'चा वर्तमानकाळ : पाठ आहे, पण तोंडात येत नाही

पारिजातक | १२ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

फ्रेंच शिकतेय, वय त्रेपन्न. मुलगी फ्रान्समध्ये ल्योंला असते, जावई तिकडचाच. डिसेंबरात त्याच्या आईवडिलांकडे आम्ही दोघं आठ दिवस राहायला जाणार आहोत आणि त्या घरात इंग्रजी कुणालाच येत नाही. मुलीला दुभाषी म्हणून मधे न बसवता विहीणबाईंशी बोलता यावं, एवढ्यासाठी दोन वर्षं हा अभ्यास चाललाय. सप्टेंबरात बी-१ ची (मध्यम पातळीची) परीक्षाही देतेय.

सध्या अडलंय ते 'दव्वार' (करावं लागणं) या क्रियापदावर. उच्चार आधी कानात बसावा म्हणून सगळं देवनागरीतच लिहिते (क्रमाने मी, तू, तो / ती / आपण, आम्ही, तुम्ही, ते / त्या) :

झ द्वा
त्यु द्वा
इल / एल / ऑं द्वा
नू दवों
वू दवे
इल / एल द्वाव्

लिहिताना एकही चूक होत नाही. पहिल्या दोन 'द्वा'च्या शेवटी एस, तिसऱ्याच्या शेवटी टी, आणि तिन्ही मुके. हे सगळं ठाऊक आहे. पण रविवारी व्हिडिओ कॉलवर 'मला आता निघावं लागेल' असं सांगायचं होतं आणि तोंडातून आलं 'म द्वा पार्तीर'. विहीणबाई क्षणभर थांबल्या, मग हळूच 'झ द्वा पार्तीर' म्हणाल्या. त्यांनी प्रेमानेच सुधारलं, पण गेल्या महिन्यात तीनदा हेच झालंय. 'मला' म्हणून 'म' येतंच येतं.

दुसरी शंका अशी की बाकी सगळीकडे 'द्वा' असताना नू आणि वू पुढेच 'दव' कुठून येतो? आणि तिसरी म्हणजे 'इल द्वा' (तो) आणि 'इल द्वाव्' (ते) यातला फरक ऐकताना मला कळत नाही. श्रवणाच्या सराव-परीक्षेत दोन्ही वेळा तिथेच गुण गेले.

जाणकारांनी कृपया सांगावं.


जुनी_शाई | १३ जुलै, सकाळी ७:१५

पारिजातकताई, मी पुण्यात चोवीस वर्षं फ्रेंच शिकवलं. 'म द्वा' हे मी दर वर्षी, दर तुकडीत ऐकलंय. अभ्यास कमी पडल्याची ही चूक नव्हे. तुमची मराठी पक्की आहे म्हणून ती होते.

मराठीत सक्ती माणसावर येऊन पडते. मला जावं लागतं, तुला जावं लागतं, आम्हाला जावं लागतं, त्यांना जावं लागतं. माणूस बदलला तरी 'लागतं' जागचं हलत नाही, बदलतो तो 'मला-तुला-त्यांना'. फ्रेंचमध्ये याच्या अगदी उलट. माणूस सरळ कर्ता होतो आणि रूपं बदलायचं काम क्रियापदावर येतं. तेव्हा 'दव्वार म्हणजे जावं लागणं, करावं लागणं' अशी सुरुवात केली की मराठी डोकं आधी 'मला' शोधायला निघणार आणि 'म' घेऊन परत येणार.

म्हणून मी वर्गात या क्रियापदाची ओळख सक्तीपासून करून देतच नसे. त्याचा जुना अर्थ आधी घ्यायचा, तो म्हणजे देणं लागणं.

आता मोठ्याने म्हणा : मी शंभर रुपये देणं लागते. तू देणं लागतेस. ती देणं लागते. आम्ही देणं लागतो. तुम्ही देणं लागता. ते देणं लागतात.

तेच 'लागणं', पण इथे 'मला' कुठेही नाही. माणूस प्रथमेत उभा आहे आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलतंय. 'दव्वार' हुबेहूब असंच चालतं. शिवाय आपल्या 'लागणे'त जसे दोन्ही अर्थ राहतात (देणं लागतो, जावं लागतं) तसेच त्यांच्या 'दव्वार'मध्येही राहतात. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याला हे दोन वेगळे शब्द वाटतात. आपल्याला ते आपल्याच भाषेतून कळतं आणि हा आपला फार मोठा फायदा आहे. पाठ्यपुस्तकं इंग्रजी वाटेने येतात म्हणून तो कुणी वापरत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटत आलंय.

आता पैशांची वाक्यं. 'झ त द्वा दीझ उरो', मी तुझे दहा युरो देणं लागते. 'त' म्हणजे तुझे, तुला. 'एल म द्वा दीझ उरो', ती माझे दहा युरो देणं लागते. तुमच्या तोंडात येणारं ते 'म' इथे शोभतं, कारण पैसे 'मला' यायचे आहेत.

आठवडाभर फक्त अशी वाक्यं करा, सक्तीचं एकही नको. घरात कोण कुणाचं काय देणं लागतं ते सांगत सुटा. आठव्या दिवशी दहा युरोंच्या जागी क्रियापदाचं मूळ रूप ठेवा : 'झ द्वा पार्तीर'. 'निघणं' हेच तुमचं देणं झालं. कर्ता तोपर्यंत 'झ'वर स्थिरावलेला असेल.

आणि एक वाक्य आत्ताच पाठ करून टाका. बाजारात भाजीवाल्याने पिशवी हातात दिली, टॅक्सी थांबली, डॉक्टरांकडची तपासणी संपली की आपण 'किती झाले?' विचारतो. तिकडे म्हणतात 'झ वू द्वा कोंब्यँ?' मी तुमचं किती देणं लागते? डिसेंबरात रोज लागेल.


खारफुटी | १३ जुलै, सकाळी ८:०२

'देणं लागणं'... आठ वर्षं फ्रेंच बोलतोय, हे कधी डोक्यातच आलं नाही. वाचनखूण साठवली.


ओवीकार | १३ जुलै, दुपारी १:३०

जुनी_शाई यांच्या मुद्द्याला थोडं मूळ जोडतो. 'दव्वार' आला लॅटिन 'देबेरे'पासून. तो शब्द 'दे' आणि 'हाबेरे' असे दोन तुकडे मिळून झालाय. 'हाबेरे' म्हणजे जवळ असणं, 'दे' म्हणजे कुणापासून, कुणाकडून. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असणं, असा मूळ भाव. आपणही हेच म्हणतो की : 'त्याचे पाचशे रुपये माझ्याकडे आहेत.' मराठी माणूस हे वाक्य ऐकून पैसे परत करायचेत हे लगेच समजतो, वेगळं सांगावं लागत नाही.

कर्जाकडून कर्तव्याकडे जाणारी वाट एकट्या लॅटिनची नाही. इंग्रजीतलं 'ऑट' हे मुळात 'ओ', म्हणजे देणं लागणं, याचंच जुनं भूतकाळी रूप. आणि आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. माणसाने काय करायचं हे सांगताना परंपरेने शब्द निवडला तो ऋण.

आता ताईंची दुसरी शंका, 'द्वा' आणि 'दव'. लॅटिनमध्ये शब्दातल्या एका अक्षरावर जोर पडायचा. 'मी देणं लागतो' आणि 'ते देणं लागतात' या रूपांमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, धातूवर होता. 'आम्ही' आणि 'तुम्ही'च्या रूपांत प्रत्यय लांब, म्हणून जोर पुढे प्रत्ययावर सरकला. जोराखालचा 'ए' फ्रेंचमध्ये ताणला जाऊन आधी 'एइ', मग 'ओइ', मग 'वे' आणि शेवटी 'वा' झाला. बिनजोराचा 'ए' मात्र विझत विझत आजचा तो पुसट 'अ' उरला. एकाच धातूची दोन तोंडं झाली ती अशी : द्वा आणि दव.

कारण तेच नाही, पण आपल्या कानाला या प्रकाराची पूर्ण सवय आहे. दूध, पण दुधाचा. पीठ, पण पिठात. पाऊस, पण पावसाने. पुढे प्रत्यय लागला की मूळ शब्दाचं अंग आकसतं. 'दुधाचा' म्हणताना कुणी मराठी माणूस नियम आठवत बसत नाही. नू आणि वू चे प्रत्यय ऐकू येणारे आहेत, 'ओं' आणि 'ए', म्हणून धातू आकसतो. बाकीच्यांचे प्रत्यय मुके, म्हणून धातू भरलेला राहतो.

ही एकच खूण धरून 'वनीर' (येणं) बघा : झ व्यँ, नू वनों, इल व्येन. 'ब्वार' (पिणं) : झ ब्वा, नू ब्युवों, इल ब्वाव्. 'रसव्वार' (मिळणं, स्वीकारणं) : झ रस्वा, नू रसवों, इल रस्वाव्. हे शेवटचं तर 'दव्वार'चं सख्खं भावंडच.


देशावरचा | १३ जुलै, रात्री १०:१८

चर्चा छान चालली आहे. पण 'दव्वार' म्हणजे 'लागणे' असं समीकरण मांडून मोकळं होण्याला माझी हरकत आहे.

मी पॅरिसला सहा वर्षं काढली. 'मला रोज पाचला उठावं लागतं' या वाक्यातल्या 'लागतं'मध्ये बाहेरून आलेली जबरदस्ती आहे, थोडी कुरकुरही आहे. तिथे माझे सहकारी 'झ द्वा' क्वचित म्हणायचे. ते म्हणायचे 'झ स्वी ओब्लिझे द...', म्हणजे मी बांधलेला आहे. नाहीतर सर्रास 'इल फो क...'. घाईच्या बोलण्यात 'इल'सुद्धा गळतं, नुसतं 'फो क' ऐकू येतं. 'दव्वार'मध्ये मला स्वतःच्या जबाबदारीचा सूर जास्त जाणवतो. 'निघायचंय मला', 'केलं पाहिजे', 'करावं लागतं' या आपल्या तिन्ही छटा एका 'दव्वार'मध्ये कोंबल्या तर परीक्षेत पास व्हाल, पण बोलणं एकसुरी होईल.


जुनी_शाई | १४ जुलै, सकाळी ६:५०

देशावरचा, हरकत रास्त आहे आणि मला मान्य आहे. 'लागणे' ही आत शिरण्याची वाट आहे, सगळा वाडा तेवढ्यात दिसत नाही.

'इल फो' तुम्ही काढलंत ते बरं केलंत, कारण तिथेही मराठी कामी येते. 'इल फो' म्हणजे आपलं 'पाहिजे'. त्याला झ, त्यु, नू, वू काही नाही, सगळ्या वर्तमानकाळात एकच रूप. आपलं 'पाहिजे'ही माणसाप्रमाणे बदलत नाही : मला पाहिजे, तुला पाहिजे, त्यांना पाहिजे. इतकंच काय, 'इल म फो द्यु पँ' म्हणजे शब्दशः 'मला पाव पाहिजे'. ताईंचं 'म' इथेही घरच्यासारखं बसतं. 'खाल्लं पाहिजे' म्हणजे 'इल फो मांझे'.

तरी बी-१ च्या टप्प्यावर मी ताईंना 'दव्वार'च धरायला सांगेन. 'इल फो क'च्या पुढे क्रियापदाची वेगळी, संशयार्थी रूपं लागतात. ती अजून पक्की नसली की माणूस वाक्याच्या मध्यावर थबकतो. 'दव्वार'पुढे मूळ रूप ठेवलं की झालं. छटा राहत्या घरात, कानावर पडून येतात. ल्योंचे आठ दिवस त्यासाठीच आहेत.


समईवात | १४ जुलै, दुपारी ४:२५

नकाराबद्दल कुणीतरी लिहील म्हणून वाट बघत होते. लिहितेच आता, कारण माझ्याकडून यात एक माणूस दुखावला गेलाय.

तुलूजला आल्यावर पहिल्या वर्षी मी एका वृद्ध बाईंच्या घरी मदतीला जायचे. त्यांची बहीण रोज दुपारी बसने एवढ्या लांबून यायची, तिचे गुडघे दुखायचे. एकदा पाऊस होता. मी तिला फोन करून सांगितलं, 'आज मी रात्रीपर्यंत आहे, तुम्हाला यावं लागणार नाही.' मनातलं वाक्य हे. तोंडातून गेलं, 'वू न दवे पा वनीर.'

फोनवर शांतता. मग 'ब्यँ' (बरं) एवढंच म्हणून तिने ठेवून दिला. ती आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही आणि तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बाईंनी मला जवळ बसवून विचारलं, माझ्या बहिणीला तू येऊ नको का म्हणालीस?

'लागत नाही'मध्ये मराठीत सुटका आहे. 'न द्वा पा'मध्ये मनाई आहे. 'वू न दवे पा वनीर' म्हणजे 'तुम्ही यायचं नाही', 'येता कामा नये'. मला म्हणायला हवं होतं 'वू नेत पा ओब्लिझे द वनीर', तुमच्यावर यायचं बंधन नाही. किंवा 'वू नावे पा बझ्वँ द वनीर', यायची गरज नाही.

मी त्या बहिणीच्या घरी जाऊन माफी मागितली. तिने कॉफी दिली आणि ही दोन वाक्यं माझ्याकडून दहा-दहा वेळा म्हणून घेतली. 'देणं लागणं'ची युक्ती सोन्यासारखी आहे, पण नकारात 'लागत नाही' तसंच्या तसं उचलू नका, एवढंच कळकळीने सांगते.


खारफुटी | १४ जुलै, संध्याकाळी ५:१०

समईवात, वाचून गलबललो. हे प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं पाहिजे.

एक शंका. 'इल न द्वा पाझ एत्र ला' असं मी ऑफिसात ऐकतो. तिथे तर 'तो इथे असता कामा नये' असा अर्थ नसतो?


जुनी_शाई | १४ जुलै, रात्री ९:००

नसतो. तिथे तर्क आहे : तो इथे नसावा. 'दव्वार'चा तिसरा अर्थ, अंदाज. 'इल द्वा एत्र मालाद', तो आजारी असावा. 'एल द्वा दोर्मीर', ती झोपली असेल. मनाई की अंदाज हे मागच्यापुढच्या बोलण्यावरून ठरतं. 'असणं' सोबत आलं की बहुतेक वेळा अंदाज असतो.

यातही मराठीला नवं काही नाही. 'त्याने यावं' यात अपेक्षा, 'तो आला असावा' यात अंदाज, रूप मात्र एकाच घरातलं. 'आत्तापर्यंत गाडी पोचली पाहिजे' हे वाक्य स्टेशनमास्तर रागाने म्हणाला तर हुकूम, आणि फलाटावरच्या आजी म्हणाल्या तर अंदाज.

चौथा अर्थ ठरलेल्या गोष्टीचा. 'एल द्वा आरिवे आ वीत्-अर', ती आठला पोचायची आहे. यात सक्ती शोधू नका, नुसतं वेळापत्रक आहे.


मॉन्ट्रियलकर | १५ जुलै, पहाटे ५:३०

ताईंची तिसरी शंका राहिली, 'द्वा' आणि 'द्वाव्'. मी इकडे बालवाडीत काम करते, दिवसभर फ्रेंच कानावर असतं, त्यामुळे हे माझ्या जिव्हाळ्याचं.

अडचण अर्धी कानात आहे, अर्धी ओठांत. आपण 'गाव', 'नाव', 'डाव' म्हणतो तेव्हा शेवटचा व् फार मऊ असतो, जवळजवळ 'ऊ'सारखा विरतो. खालच्या ओठाला दात लागतच नाहीत. फ्रेंच व् तसा नाही. वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि आवाज चालू ठेवा, ओठात झिणझिण्या आल्यासारखं वाटलं पाहिजे. आरशासमोर 'द्वाव्' म्हणून शेवटी तो ओठ अर्धा सेकंद धरून ठेवा. जो ध्वनी आपण स्वतः काढत नाही तो ऐकूही येत नाही, हा माझा अनुभव. पंधरा दिवसांत कान उघडला.

पुढे स्वर आला तर काम सोपं. 'इल द्वाव् आरिवे' कानाला 'द्वा-वारिवे' असं एकसंध येतं. एकवचनात 'द्वा-आरिवे', किंवा जपून बोलणारा असेल तर 'द्वा-तारिवे'. म्हणजे व् ऐकू आला की माणसं अनेक, व् नसेल तर माणूस एक.

अजून एक. रोजच्या बोलण्यात 'नू दवों' फार कमी ऐकाल. त्याऐवजी 'ऑं द्वा' चालतं. 'ऑं द्वा पार्तीर', आपल्याला निघायला हवं. लिहिताना आणि तोंडी परीक्षेत 'नू दवों' माहीत हवंच, पण ल्योंच्या स्वयंपाकघरात 'ऑं'ची तयारी ठेवा.

ओवीकारांनी तो 'वे' आणि 'वा'चा प्रवास सांगितला ना, तो आमच्या इथे अजून कानाला भेटतो. 'म्वा' आणि 'त्वा' म्हणजे मी आणि तू. इथली जुनी माणसं बोलीत 'म्वे', 'त्वे' म्हणतात. त्यांचे पूर्वज फ्रान्स सोडून आले तेव्हाचा उच्चार. बालवाडीत एका मुलाचे आजोबा त्याला न्यायला येतात, ते हाक मारतात तेव्हा मला दर वेळी छान वाटतं.


मोका_किनारा | १५ जुलै, दुपारी १२:४५

मी मॉरिशसचा. मराठी घरी थोडी, शाळेत जास्त शिकलो, चूक असेल तर सांभाळून घ्या.

आमच्या क्रेओल या बोलीभाषेत फ्रेंच शब्द आहेत, पण ही रूपं नाहीत. 'मो बिझँ आले', मला जायला पाहिजे. 'ली बिझँ आले', त्याला जायला पाहिजे. 'नू बिझँ आले'. 'बिझँ' सगळ्यांना एकच, आला फ्रेंच 'बझ्वँ'वरून, म्हणजे गरज. म्हणून शाळेत फ्रेंच लिहिताना आमची मुलं 'नू द्वा' लिहितात आणि शिक्षक लाल रेघ मारतात.

माझ्या आजीला फ्रेंच लिहिता येत नव्हतं. ती मराठीत 'पाहिजे' म्हणायची आणि क्रेओलमध्ये 'बिझँ', दोन्ही एकाच सुरात. आज जुनी_शाई बाईंचं वाचलं आणि आजीचा तो सूर आठवला. धन्यवाद.


पारिजातक | १५ जुलै, रात्री १०:२०

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू! सगळं वहीत उतरवून घेतलं. समईवात, तुमचा अनुभव मी मुलीलाही वाचून दाखवला, ती बराच वेळ गप्प होती.

आजचा सराव इथे ठेवते, कृपया तपासा.

१. झ द्वा दीझ उरो आ मा फीय. (मी मुलीचे दहा युरो देणं लागते.)
२. मों मारी म द्वा अँ साँ-द्विच. (नवरा माझं एक सँडविच देणं लागतो. खरंच लागतो, काल कबूल केलं होतं.)
३. नो व्वाझँ नू दवों साँ रुपी. (शेजारी आमचे शंभर रुपये देणं लागतात.)
४. वू दवे एत्र फातिगे. (तुम्ही थकला असाल.)


जुनी_शाई | १६ जुलै, सकाळी ७:०५

पहिलं, दुसरं, चौथं अगदी बरोबर. चौथं तर प्रवासातून आलेल्या पाहुण्याला म्हणायचं खास वाक्य, पोचल्यावर तुम्हाला विहीणबाईंकडून हेच ऐकायला मिळेल.

तिसऱ्यात 'नू'ने फसवलं. तिथे 'नू' कर्ता नाही, 'आम्हाला' आहे. देणं लागतात ते शेजारी, म्हणजे 'ते'. 'नो व्वाझँ नू द्वाव् साँ रुपी.' क्रियापदाच्या लगेच आधी 'नू' दिसलं की 'दवों' जिभेवर येतंच, चांगले चांगले घसरतात. आधी विचारायचं की देणं कुणावर आहे? त्याचं रूप घ्यायचं.

तुमच्या पहिल्या वाक्यात मुलगी मागे 'आ मा फीय' म्हणून आली. तिचं सर्वनाम केलं तर 'झ ल्वी द्वा दीझ उरो'. हे 'ल्वी' तिला किंवा त्याला, दोघांना चालतं.


देशावरचा | १६ जुलै, सकाळी ९:३०

ताई, एक छोटी भर. विहीणबाईंना काही सुचवायचं असेल तेव्हा 'वू दवे' टाळा. समोरच्या माणसाला तो हुकूम वाटतो. 'वू दव्रिये' म्हणा, म्हणजे 'तुम्ही करावंत असं वाटतं'. वर्तमानकाळातलं रूप नाही हे, पण पाहुणी म्हणून जाताय तर सोबत असू द्या.


पारिजातक | ३१ ऑगस्ट, रात्री ११:१०

धागा वर काढतेय, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मुलगी दहा दिवस येऊन परवा परत गेली. तिच्याबरोबर विहीणबाईंसाठी गोडा मसाला, मेतकूट आणि मी विणलेली एक शाल पाठवली होती. आज त्यांचा फोन आला. मुलगी ऑफिसात होती, म्हणजे मधे कुणीच नाही. शाल खांद्यावर घेऊनच बसल्या होत्या. मसाल्याचा वास घेऊन दाखवला, त्यात काय काय आहे ते विचारलं. दगडफूल सांगता सांगता माझी पुरेवाट झाली, शेवटी डबा कॅमेऱ्यासमोर धरला.

मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, 'मे झ वू द्वा कोंब्यँ?'

पहिल्या दिवसापासून पाठ केलेलं वाक्य, पण मी ते विचारायचं म्हणून पाठ केलं होतं. कुणी मला विचारेल हे मनात आलंच नव्हतं. क्षणभर थांबले. देणं कुणावर? त्यांच्यावर. म्हणजे 'वू'. कुणाला? मला. आणि काहीच नाही.

'वू न म दवे रियँ,' मी म्हणाले.

त्यांनी शाल सारखी केली आणि म्हणाल्या, डिसेंबरात त्या मला त्यांच्या आजीचा अक्रोडाचा केक शिकवणार. ते सगळं मला कळलं.


जुनी_शाई | १ सप्टेंबर, सकाळी ६:४०

'म' आलं, आणि अगदी आपल्या जागी आलं. परीक्षेला शुभेच्छा, पारिजातकताई. अक्रोडाला 'न्वा' म्हणतात, 'द्वा'सारखंच.